'मम्मी है क्या?' आणि पहिला मेसेज कुणाचा: जत तालुक्यातलं एक प्रकरण

आधीच सांगतो, मी वकील नाही आणि पत्रकार तर अजिबात नाही. जतपासून विजापूरच्या अंगाला बारा-पंधरा किलोमीटरवर आमचं गाव, तिथं माझं ई-सेवा केंद्र आहे, सातबारा, पीएम किसानची केवायसी, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, असलं सगळं. गावातला प्रत्येक अडकलेला मोबाइल एकदा तरी माझ्या काउंटरवर येऊन गेलाय. आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन, म्हणजे हौसेनं झालो नाही, ग्रुप काढणारा पोरगा पुण्याला कामाला लागला आणि जाताना हे लोढणं माझ्या गळ्यात बांधून गेला.

प्रकरण सप्टेंबर २०२२ चं. त्याच महिन्यात १३ तारखेला आमच्याच तालुक्यात लवंग्यात उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना पोरं पळवणारी टोळी समजून लोकांनी काठ्या-पट्ट्यांनी मारलं होतं. विजापूरकडनं पंढरपूरला निघालेले, रात्री गावात मुक्काम केला, सकाळी एका पोराला रस्ता विचारला, एवढाच त्यांचा गुन्हा. मारहाणीचा व्हिडिओ देशभर फिरला, टीव्हीवर जत तालुक्याचं नाव आलं, ते कशासाठी आलं तर यासाठी. पुढं पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अटका झाल्या. आता एवढं झाल्यावर लोक शहाणे होतील असं मला वाटलं होतं. उलटंच झालं.

त्यानंतर आठवड्याभरात एका रात्री पावणेनऊला आमच्या ग्रुपवर किराणावाल्या अण्णांनी मेसेज टाकला. 'सावधान, जत, उमदी, संख भागात चार जण पांढऱ्या गाडीतून साधूच्या वेशात फिरत आहेत, लहान मुले पळवतात, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा', आणि खाली एक व्हिडिओ, मोटरसायकलवरनं दोघं येतात आणि खेळणाऱ्या पोरांतलं एक उचलून पसार. मी जेवत होतो, बघितला आणि सोडून दिला. हे मुद्दाम लिहितोय, कारण ॲडमिन म्हणून तेव्हाच डिलीट करायला पाहिजे होता, आणि मी नाही केला.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला एक गॅस शेगडी-कुकर दुरुस्तीवाला जुन्या मोपेडवर गावात आला. हिंदी बोलणारा, मागं लोखंडी पेटी, हँडलला कुकरच्या रिंगांचा झुपका. वरच्या आळीत एका घराच्या दारात सहा-सात वर्षांचं पोरगं उभं होतं, ह्यानं नेहमीसारखं विचारलं, "मम्मी है क्या घर में?" झालं. पोरगं बोंबलत आत पळालं. पाच मिनिटांत वीस-पंचवीस जण जमले, एकानं मोपेडची किल्ली काढली, एकानं मोबाइल हिसकावला, एकानं पेटी उघडून रस्त्यावर पालथी केली, आणि एक पोरगा हे सगळं लाइव्ह करायच्या तयारीत. मी पोचलो तेव्हा त्या माणसाची कॉलर दोघांच्या हातात होती आणि तो नुसता हात जोडून 'भैया, भैया' करत होता. अजून कुणी मारलं नव्हतं, पण पहिला हात उठायचीच देर होती.

वाचवलं त्याला एका आज्जीनं. गर्दीत घुसली आणि रस्त्यावर पडलेली रिंग उचलून म्हणाली, "आरं सोडा की त्येला मुडद्यांनो, हा माझ्या कुकरची शिट्टी बसवून गेलाय गेल्या दिवाळीला, पैसं पण राहिल्यात त्येचं माझ्याकडं." लोक हसले. ते हसणं आलं म्हणून तो माणूस वाचला, बाकी काही नाही. पेटीतलं सामान गोळा करताना त्याचे हात एवढे थरथरत होते की बर्नरचे छोटे जेट सगळे गटारात गेले.

संध्याकाळी मी ठरवलं, हा मेसेज निघाला कुठनं ते शोधायचं. ना कॉम्प्युटर, ना सायबर सेल, नुसतं विचारत मागं मागं जायचं.

अण्णांना विचारलं तर पहिल्यांदा फुगले. "का, खोटं हाय काय ते?" मग मोबाइल दाखवला. त्यांना आला होता मेव्हण्याकडनं, तो कवठेमहांकाळचा, बेदाणा तासगावला नेणारी पिकअप चालवतो. मेव्हण्याला फोन. त्याला आला ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर, पण टाकणाऱ्यानं तो नंतर डिलीट केलेला, नशीब नाव दिसत होतं. आणि मेव्हणा सहज बोलून गेला की व्हिडिओ मात्र त्यानं स्वतः जोडला, दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपमधला, कारण "नुसत्या टेक्स्टला कोण इचारतंय दाजी". म्हणजे मजकूर एकीकडचा, व्हिडिओ दुसरीकडचा, आणि त्यांचं लग्न लागलं कवठेमहांकाळला.

डिलीट करणारा ड्रायव्हर सांगोल्याकडचा. त्याला पाठवला होता लग्नाची जेवणं करणाऱ्या एका आचारी मामांनी. मामांचा नंबर मिळायला दोन दिवस गेले. फोन लावला तर मामा एकदम मोकळे, "व्हय, मीच टाईप केलाय की." मला वाटलं सापडला माणूस! पण मग ते सांगत गेले. त्यांच्या साडूच्या घरच्या, चडचणला असतात, कर्नाटकात, त्यांच्या भजनाच्या ग्रुपवर कन्नडमध्ये एक व्हॉइस नोट आली. ती त्यांनी ऐकली आणि मामांना फोन करून मराठीत सांगितली. फोनवर. म्हणजे ही कडी मेसेजनं जोडलेलीच नाही. त्या व्हॉइस नोटमध्ये इंडी आणि चडचणचं नाव होतं आणि दोन बायकांची गोष्ट होती. मामांची बहीण उमदीला, तिची नातवंडं लहान, म्हणून त्यांनी गावांची नावं बदलून जत, उमदी, संख केली. आणि दोन बायकांचे चार साधू कसे झाले विचारलं तर म्हणाले, "लवंग्याचा व्हिडिओ बघितला नव्हता का, मला वाटलं तीच टोळी असंल."

हे ऐकून मी फोन ठेवला आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो. मार खाल्लेल्या निरपराध माणसांचा व्हिडिओच पुढच्या अफवेचा पुरावा झाला होता.

चडचणच्या काकूंनी व्हॉइस नोट पाठवून दिली. त्यावर दोन बाणांची खूण, म्हणजे पाच किंवा जास्त हातांतनं फिरून आलेली. तिथून मागं रस्ता बंद. राहिला व्हिडिओ, तो तर जुनाच निघाला, २०१८ ला देशभर फिरला होता तोच. तो मुळात पाकिस्तानात कराचीत बनवलेली जनजागृतीची फिल्म आहे. तिच्यात शेवटी ती माणसं पोरगं परत आणून सोडतात आणि मुलांकडं लक्ष ठेवा असा बोर्ड दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला आणि उरलेलं भारतात सोडलं.

हे सगळं मी माझ्या वर्गमित्राला सांगितलं, तो सांगलीला विजयनगरच्या कोर्टात वकिली करतो. तो हसला आणि म्हणाला, "लेका, तू जे पायानं केलंस तेच सरकार व्हॉट्सॲपला मशीननं करायला सांगतंय, आणि त्याच्यावरनंच दिल्ली हायकोर्टात भांडण चाललंय."

हे भांडण कुठनं आलं

त्याची सुरुवातसुद्धा आपल्याच राज्यातली. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजारात आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना पोरं पळवणारे समजून लोकांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. माणसं मंगळवेढ्याकडची होती, म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यातली, पोटासाठी फिरणारी. त्या वर्षी असल्या अफवांनी देशभरात माणसं मेली. दोनच दिवसांनी केंद्र सरकारनं व्हॉट्सॲपला झापलं, कंपनीनं पेपरात पानभर जाहिराती दिल्या, 'फॉरवर्डेड' अशी खूण आली, आणि त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आली. जगाला ती मर्यादा जानेवारी २०१९ मध्ये लागली, आपल्याला आधी.

पण सरकारला तेवढ्यावर समाधान नव्हतं. ऑगस्ट २०१८ मध्ये तेव्हाचे आयटी मंत्री रविशंकर प्रसाद कंपनीच्या सीईओला भेटले आणि सांगितलं की मेसेज मुळात कुठनं निघाला ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे, भारतात ऑफिस पाहिजे, तक्रार ऐकायला माणूस पाहिजे. ऑफिस आणि माणूस ठीक. पण 'कुठनं निघाला' इथं गाडी अडली ती अडलीच.

२५ फेब्रुवारी २०२१ ला नवे आयटी नियम आले. ५० लाखांच्या वर युजर असलेल्या कंपनीला भारतात राहणारा तक्रार अधिकारी, अनुपालन अधिकारी असं सगळं नेमायचं, कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आला की ३६ तासांत मजकूर काढायचा, असं तेव्हा ठरलं. व्हॉट्सॲपचे तर तेव्हा सरकारच्या आकड्यानुसार भारतात ५३ कोटी युजर. आणि नियम ४(२), भांडणाचं मूळ. मेसेजिंगवाल्या कंपनीनं आदेश आल्यावर मेसेजचा 'पहिला जनक' ओळखून द्यायचा. आदेश कोर्टाचा पाहिजे नाहीतर आयटी कायद्याच्या कलम ६९ खाली सक्षम अधिकाऱ्याचा. कारण गंभीर पाहिजे, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण असलं. दुसऱ्या कमी त्रासाच्या मार्गानं काम होत असेल तर आदेश काढायचा नाही, आणि मेसेजमध्ये काय लिहिलंय ते कंपनीनं सांगायची गरज नाही. वाचलं तर वाटतं की बाबा, यात वाईट काय?

कंपनीनं मुदत संपता संपता मे २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टात याचिका टाकली. म्हणणं असं की २०१६ पासून मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूप लागतं ते घेणाऱ्याच्या फोनवरच निघतं, मधे आम्हालाही दिसत नाही. आता उद्या कुठल्या मेसेजबद्दल विचारणा होईल ते आज माहीत नाही, मग प्रत्येकाच्या प्रत्येक मेसेजचा ठसा, म्हणजे त्या मजकुरावरनं बनलेली ओळखखूण, जपून ठेवावा लागणार, म्हणजे एका चोरासाठी सगळ्या गावाचे अंगठे घेऊन ठेवायचे. सुप्रीम कोर्टानं २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानलाय, त्याच्यावर बोट ठेवलं. सरकारचं उत्तर असं की हक्क आहे पण अमर्याद नाही, आणि परदेशी कंपनीनं आमच्या राज्यघटनेतले हक्क आम्हालाच सांगू नयेत. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीचे वकील कोर्टात म्हणाले की एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर व्हॉट्सॲप इथनं जाईल. त्या दिवशी माझ्या दुकानात तीन जणांनी काळजीनं विचारलं, "व्हॉट्सॲप बंद होणार म्हणं?" राईनपाड्याबद्दल मला इतक्या वर्षांत एकानंही विचारलेलं नाही.

असली भांडणं सगळीकडं आहेत म्हणा. ब्राझीलमध्ये डेटा दिला नाही म्हणून कोर्टांनी २०१५-१६ मध्ये दोन-तीन वेळा आख्खं व्हॉट्सॲप बंद केलं होतं. पण ते असू दे, आपल्या शेगडीवाल्याकडं येऊ.

समजा नियम पाळला गेला असता

समजा कंपनीनं ऐकलं, यंत्रणा बसवली, आणि आमच्या गावात त्या माणसाचा जीव गेला असता. पोलिसांनी आदेश काढून विचारलं असतं, ह्या मेसेजचा पहिला जनक कोण. मशीननं काय नाव दिलं असतं?

आचारी मामांचं. कारण ती अक्षरं तशीच्या तशी पहिल्यांदा त्यांच्या बोटातनं आली. मशीन ठशावर चालणार, आणि 'इंडी'चं 'जत' केलं, एक शब्द इकडचा तिकडं झाला, की ठसा नवा. काकूंचा फोन कॉल मशीनला दिसणारच नाही. व्हॉइस नोट ही वेगळीच वस्तू. व्हिडिओचा जनक शोधला तर कराची, आणि नियमात त्याचीही सोय आहे की मूळ परदेशात असेल तर भारतात पहिला पाठवणारा तोच पहिला मानायचा. म्हणजे ज्यानं शेवट कापला तोच सापडेल असं काही नाही, ज्यानं तो कापलेला व्हिडिओ कुठनं तरी घेऊन पहिल्यांदा पुढं ढकलला तो सापडेल. आणि कुणी डाउनलोड करून परत नव्यानं टाकला असेल तर तिथनं परत नवा वंश.

म्हणजे साठीतला एक माणूस, बहिणीच्या नातवंडांच्या काळजीनं टाईप केलेला, तो सुव्यवस्था बिघडवणारा मूळ पुरुष ठरला असता. आणि अण्णा? मामांपासनं मोजलं तर अण्णा चौथे. पण खरं सांगू का, त्या सकाळी पोरांनी कॉलर धरली ती मामांच्या मेसेजवर नाही, मामांना आमच्या गावात कुत्रंसुद्धा ओळखत नाही. मी नंतर त्या पोरांतल्या दोघांना विचारलं. दोघांचं उत्तर एकच, "अण्णांनी टाकलं म्हणल्यावर खोटं कशाला असंल?" अण्णांच्या उधारीच्या वहीवर आख्खं गाव चालतं, त्यांचा शब्द म्हणजे शब्द. अफवेला वजन त्यांच्या नावानं आलं, आणि ते नाव सगळ्या ग्रुपला दिसत होतं, त्यासाठी कुणाचं एन्क्रिप्शन तोडायची गरज नव्हती.

म्हणून मला ह्या भांडणात सरकारची बाजू पटत नाही. पण कंपनीचीही मला भक्ती नाही. प्रायव्हसीसाठी कोर्टात जाणारी हीच कंपनी, तिनंच जानेवारी २०२१ मध्ये नवी पॉलिसी आणली, आमचा डेटा फेसबुकशी शेअर करायला हो म्हणा नाहीतर ॲप विसरा, आणि त्याच पॉलिसीवरनं नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगानं मेटाला, म्हणजे व्हॉट्सॲप-फेसबुकच्या मालक कंपनीला, २१३ कोटींचा दंड ठोकला. सोवळं कुणाचंच पूर्ण नाही.

आणि सरकारी दबावाचा उपयोग झालाच नाही असंही नाही. पाच चॅटची मर्यादा राईनपाड्यानंतर तीन आठवड्यांच्या आत आली, ती दबावामुळंच. २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, तेव्हा असले मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनंच सांगितलं. म्हणजे 'पाणी कमी सोड' म्हणून सांगितलं तेव्हा काम झालं, 'पहिला थेंब कुठला ते दाखव' ह्यावर बसलेत तेव्हापासून तारखाच पडतायत. अर्थात मर्यादेलाही भोक आहे. चडचणची व्हॉइस नोट दोन बाणांची होती, ती एकेकालाच जायची. मामांनी टाईप केलं आणि मीटर शून्यावर आला.

आम्ही काय केलं

विशेष काही नाही. अण्णांना घेऊन मी बीट हवालदारांकडं गेलो, ते चहा घेऊन शांतपणे म्हणाले की मेसेज खोटा आहे हे ज्यानं टाकला त्यानंच सांगू दे, आमच्या सांगण्याला लोक 'दाबतायत' म्हणतात. बरोबर होतं त्यांचं. अण्णा तयार व्हायला दोन दिवस लागले, दुकानदाराला आपण चुकलो असं ग्रुपवर बोलायचं म्हणजे सोपं नसतं. शेवटी त्यांनी स्वतःच्या आवाजात व्हॉइस नोट टाकली, सव्वा मिनिटाची, त्यात अर्धा मिनिट नुसतं खोकणं. मी मामांकडनं आणि चडचणच्या काकूंकडनंही तसंच करून घेतलं, काकूंनी कन्नडमध्ये. ती कुठवर गेली माहीत नाही. मामांनी मात्र अट घातली, लग्नाच्या सीझनला नाव खराब करू नका, म्हणून इथंही त्यांचं गाव लिहिलेलं नाही.

ग्रुपची सेटिंग बदलून फक्त ॲडमिननं टाकायचं असं मी महिनाभर ठेवलं. पण मग बैल हरवला, लाइट गेली, टँकर आला, हे सगळे माझ्या एकट्यालाच फोन करायला लागले, सोडून दिलं. मित्रानं एक दिलासा दिला, २०२१ मध्येच नागपूर खंडपीठानं म्हटलंय की मेंबरनं टाकलेल्या मजकुराला नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही, दोघांचा तसा संगनमत असल्याशिवाय. कायद्यानं सुटलो. त्या रात्री जेवताना मेसेज बघून मी मोबाइल पालथा ठेवला होता, ते मात्र मलाच माहिती.

शेगडीवाला वर्षभर आला नाही. पुढच्या दिवाळीच्या आधी एकदा माझ्या दुकानासमोर मोपेड लावून उभा राहिला, आत यायला तयार नाही. "भैया, पहले ग्रुप पे डाल दो, फिर जाऊँगा." मी अण्णांना हाक मारली. त्यांनी त्याचा मोपेडसकट फोटो काढला आणि टाकला, 'शेगडी-कुकरवाला आलाय, आपलाच माणूस आहे, ज्यांची कामं असतील त्यांनी करून घ्या.' दहा मिनिटांत वरच्या आळीतनं तीन कुकर खाली आले. आज्जीनं आधीचे पैसे दिले, आणि रिंग नवीन टाकून घेतली, ते पैसे परत राहिले.